धूम्रस्फटिकाची बखर

बंगळूर शहराचे नाव निघाले की मराठी श्रोत्याच्या मनात प्रथम शहाजीराजे येतात, आणि ते योग्यच आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी हे ठाणे केंपेगौडाच्या वंशजाकडून घेतले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. जयराम पिंड्ये यांच्यासारखे कवी त्यांच्या पदरी होते. आज मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे तो मात्र या दरबाराहून फारच जुना आहे. इतका जुना, की त्याच्या कालगणनेत शहाजीराजे आणि आपण एकाच निमिषात जन्मलेले ठरतो. त्याची बखर कोणा चिटणिसाने लिहिलेली नाही. ती एका दगडाच्या रंगात उमटली आहे, आणि ती नीट वाचता येण्यासाठी माणसाला १९५५ सालापर्यंत थांबावे लागले. तो दगड म्हणजे धूम्रस्फटिक; धुरकट, तपकिरी, क्वचित अगदी काळवंडलेला स्फटिक.

बंगळूरच्या लालबागेत शिरल्यावर झाडांच्या दाटीतून एकाएकी एक उघडी, कासवाच्या पाठीसारखी टेकडी समोर येते. तिच्या माथ्यावर केंपेगौडाच्या नावाने ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे. शहरातली मंडळी संध्याकाळी तेथे वारा खायला बसतात. ज्या खडकावर ती बसतात तो सुमारे ३०० कोटी वर्षांचा आहे. म्हैसूर संस्थानच्या भूगर्भ खात्यातील स्मीथ या शास्त्रज्ञाने १९१६ साली या जातीच्या खडकाला ‘द्वीपकल्पीय नाइस’ असे नाव दिले, आणि दक्षिण भारताचा पायाच या खडकाचा आहे हे पुढे सर्वमान्य झाले. या करड्या खडकातून पांढुरक्या शिरा आडव्यातिडव्या गेलेल्या दिसतात. त्या शिरांत जे कठीण, काचेसारखे द्रव्य असते, त्याला आपण मराठीत गार म्हणतो.

गार हा शब्द आपल्या भाषेत मोठा गंमतीचा आहे. आकाशातून पडते तीही गार आणि जमिनीत सापडते तीही गार. प्राचीन ग्रीक लोकही स्फटिक म्हणजे पुन्हा न वितळणारे, गोठलेले बर्फ असे समजत. ‘क्रिस्टल’ हा शब्द त्यांच्या बर्फवाचक शब्दापासूनच आला. आपल्या खेड्यांतून वाढलेल्या पुष्कळांनी लहानपणी अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासल्या असतील. घासताच दगडाच्या आतच एक फिकट उजेड लवतो आणि काहीतरी जळल्यासारखा वास येतो. तो उजेड चकमकीच्या ठिणगीसारखा बाहेर उडत नाही, आतल्या आत दिसतो. दगडात उजेड कोंडलेला असतो अशी आमची तेव्हाची समजूत होती. धूम्रस्फटिकाच्या बाबतीत ती समजूत किती खरी होती, ते पुढे येईलच.

शास्त्रीय भाषेत गार म्हणजे क्वार्ट्झ. सिलिकॉनचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, या प्रमाणात ती बनलेली असते. सिलिकॉनच्या प्रत्येक अणूभोवती ऑक्सिजनचे चार अणू असतात, आणि या चौकड्या एकमेकींना जोडून मळसूत्रासारख्या वर चढत जातात. मळसूत्र डावे असते किंवा उजवे. म्हणून स्फटिकही डावे आणि उजवे असे दोन प्रकारचे मिळतात. त्याचे काठिण्य सात, म्हणजे पोलादी चाकूने त्यावर ओरखडा उठत नाही. पाण्याच्या सुमारे २.६५ पट ते जड. भूगर्भातील तप्त पाण्यात विरघळलेली सिलिका पाणी निवत असताना फटींच्या भिंतींवर थराथराने बसते आणि सावकाश षट्कोनी खांब उभे राहतात. खांब शुद्ध असला तर निर्मळ, पारदर्शक; त्यात लोहाचा अंश आणि किरणांचा संस्कार असला तर जांभळा, ज्याला अ‍ॅमेथिस्ट म्हणतात; आणि धूर कोंडल्यासारखा असला तर धूम्रस्फटिक. काठिण्य तेच, वजन तेच, कोन तेच. फरक काय तो रंगाचा.

माणसाने या दगडाचा उपयोग पुष्कळ आधीपासून केला. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म डोंगरात सापडणारे तपकिरी स्फटिक तेथील डोंगराळ लोक आपल्या टाचणपदकांत आणि खंजिरांच्या मुठींत बसवतात. डोंगराचेच नाव रत्नाला पडले आहे. चीनमध्ये न्यायाधीश साक्षीपुरावा ऐकताना धूम्रस्फटिकाच्या चपट्या काचा डोळ्यांसमोर धरीत, म्हणजे आपल्या डोळ्यांतला भाव वादी-प्रतिवादींना कळू नये, असे सांगतात. ही प्रथा आपल्याकडेही असती तर किती वकिलांची पंचाईत झाली असती!

निर्मळ स्फटिकाच्या चष्म्यांचा मराठी इतिहासाशीही एक धागा जुळतो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी याच बंगळूरहून दक्षिणेस गेले आणि १६७५-७६च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. त्या तंजावरपासून दहा-बारा किलोमीटरवर वल्लम नावाचे गाव आहे. तेथे मिळणाऱ्या स्फटिकांपासून भिंगे घासण्याचा धंदा पुढे चांगलाच नावारूपाला आला. काचेच्या भिंगापेक्षा हे भिंग डोळ्यांना थंड वाटते असा लोकांचा विश्वास होता. आणि स्फटिक उष्णता काचेपेक्षा लवकर वाहून नेत असल्यामुळे तो स्पर्शाला थंड लागतो, हे काही खोटे नाही. व्यंकोजींचे वंशज सरफोजीराजे, १७९८ ते १८३२ या काळात राज्य केलेले, स्वतः नेत्रवैद्यकात रस घेणारे होते. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपून ठेवलेली आहेत.

उपयोग झाला, पण रंगाचे कोडे राहिले. स्फटिकात हा धूर येतो कोठून?

एकोणिसाव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञांपुढे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १८६८ साली. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील टीफेन हिमनदीच्या वरच्या कड्यात एक पोकळी सापडली आणि तीत धूम्रस्फटिकांचा मोठा साठा मिळाला. त्यांतले काही स्फटिक शंभर किलोहून अधिक वजनाचे होते. बर्न शहरातील संग्रहालयात ते आजही पाहावयास मिळतात. असा तुकडा भट्टीत तापवला की त्याचा रंग उडून जातो आणि तो पाण्यासारखा स्वच्छ होतो, हे दगड फोडणाऱ्यांना ठाऊक होते. भाकरीच्या कणकेत स्फटिक ठेवून तो भाजायचा आणि पिवळसर करून विकायचा, ही युक्तीही युरोपात जुनी होती. विद्वानांनी यावरून तर्क केला, की स्फटिकात डांबरासारखे काहीतरी सेंद्रिय द्रव्य मुरलेले असले पाहिजे आणि तापवल्यावर ते जळून जात असले पाहिजे. चुलीवरची काजळी विस्तवात टाकली की जळते, तसे. तर्क सरळ होता, प्रयोगाशी जुळणारा होता, आणि चूक होता. विज्ञानाच्या इतिहासात अशी उदाहरणे मला विशेष मोलाची वाटतात, कारण चुकीचे उत्तर देणारे लोक अडाणी नव्हते हे त्यांतून दिसते.

योग्य उत्तराची वाट ज्या घरातून निघाली, त्याच घरात स्फटिकाने आधीच एक मोठे काम केले होते. १८८० साली ज्याक आणि पिएर या क्यूरी बंधूंना आढळले, की क्वार्ट्झची चकती ठरावीक दिशेने दाबली तर तिच्या दोन पृष्ठांवर विरुद्ध विद्युत् प्रकट होते. दाब जितका, विद्युत् तितकी. पुढे पिएर यांच्या पत्नी मारी क्यूरी युरेनियमच्या किरणांचा अभ्यास करू लागल्या, तेव्हा त्या किरणांमुळे हवेत निर्माण होणारा विद्युत्प्रवाह इतका सूक्ष्म होता की तो मोजायचा कशाने हा प्रश्न पडला. त्यांनी दिराने आणि पतीने शोधलेला तो गुण कामाला लावला. क्वार्ट्झच्या पट्टीला पारडे टांगून त्यात वजने ठेवायची, पट्टीतून निघणाऱ्या विद्युतेने किरणांच्या विद्युतेची बरोबरी करायची आणि वेळ मोजायची. १८९८ साली पोलोनियम आणि रेडियम ही दोन मूलद्रव्ये हाती आली ती या तराजूच्या आधारे. किरणोत्सर्गाचे पहिले मोजमाप असे एका गारेने करून दिले.

रेडियम हाती आल्यावर लवकरच दिसले, की ते ज्या काचपात्रात ठेवावे ते पात्र काही दिवसांनी जांभळट किंवा तपकिरी पडते. मग निर्मळ स्फटिक रेडियमजवळ ठेवून पाहण्यात आले, आणि तो धुरकट झाला. १९०६ साली बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने तापवून रंग घालवलेल्या अ‍ॅमेथिस्टला रेडियमच्या सान्निध्यात पुन्हा जांभळा रंग आणून दाखवला. डांबराचा तर्क येथे कोसळला. एकदा जळून गेलेली काजळी परत येऊ शकत नाही. हा रंग मात्र जातो आणि पुन्हा येतो. १९२५ साली अमेरिकेतील होल्डन या खनिजशास्त्रज्ञाने धूम्रस्फटिक आणि अ‍ॅमेथिस्ट यांच्या रंगांची कारणे एकत्र मांडली, आणि खडकातील नैसर्गिक किरणोत्सर्ग हाच धूम्रस्फटिकाच्या रंगाचा कर्ता होय, हे मत रूढ झाले.

किरणांनी रंग येतो हे कळले, तरी सगळ्या स्फटिकांना सारखा रंग का येत नाही हे कळले नव्हते. एका खाणीतला स्फटिक किरणांखाली काळा होतो, दुसऱ्या खाणीतला तितक्याच किरणांनी जेमतेम मळतो. याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धानंतर मिळाले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थावर सूक्ष्मतरंग सोडून त्यातले एकटे पडलेले इलेक्ट्रॉन शोधून काढण्याची नवी पद्धत तेव्हा निघाली होती. तिच्या साह्याने ग्रिफिथ्स, ओवेन आणि वॉर्ड यांनी १९५४ साली धूम्रस्फटिक तपासला आणि १९५५ साली मेरी ओब्रायन या विदुषीने त्या निरीक्षणांचा अर्थ उलगडला.

तो अर्थ असा. स्फटिकात दर काही हजार सिलिकॉन अणूंमागे एखाद्या जागी सिलिकॉनऐवजी अ‍ॅल्युमिनियमचा अणू बसलेला असतो. सिलिकॉन चार शेजाऱ्यांशी बंध जोडायला चार इलेक्ट्रॉन आणतो. अ‍ॅल्युमिनियमपाशी तीनच असतात. ही उणीव भरून काढायला लिथियम, सोडियम किंवा हायड्रोजन यांचा एखादा कण जवळच्या मोकळ्या जागेत येऊन राहतो आणि हिशेब कसाबसा जुळतो. अशा स्फटिकातून किरण गेला, की अ‍ॅल्युमिनियमला लागून असलेल्या ऑक्सिजनचा एक इलेक्ट्रॉन उडतो आणि स्फटिकात दुसरीकडे कोठेतरी अडकून बसतो. मागे राहते ती रिकामी जागा. ही रिकामी जागाच प्रकाशाचा काही भाग गिळते आणि आपल्याला दगड धुरकट दिसतो. रंग देणारे कोणतेही द्रव्य त्यात भरलेले नाही. जे असायला हवे होते ते आपल्या जागी नाही, एवढेच. दगड तीन-चारशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की अडकलेला इलेक्ट्रॉन सुटतो, घरी परततो, आणि धूर नाहीसा होतो. सुटताना तो जवळचा उजेडही सोडतो. अंधारात तापवलेला स्फटिक क्षणभर मंद चमकतो, तो यामुळे.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी असा स्फटिक असेल तर भिण्याचे कारण नाही. त्याच्यावर किरण पडून गेले आहेत. तो स्वतः किरण सोडीत नाही.

आता हे किरण डोंगरात येतात कोठून, हे पाहायला आपण बंगळूरच्या पश्चिमेस जाऊ. म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे पन्नास किलोमीटर गेले की रामनगर लागते. १९७५ सालचा ‘शोले’ हा चित्रपट ज्या खडकांत चित्रित झाला, ते हेच. गब्बरसिंगाचा तळ ज्या खडकांवर होता तो ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा आहे. इंग्रजी अमदानीत या गावाला क्लोजपेट म्हणत, आणि भूगर्भशास्त्रात हा ग्रॅनाइट अजूनही त्याच नावाने ओळखला जातो. ग्रॅनाइटाच्या दहा लाख भागांत सरासरी तीन-चार भाग युरेनियम आणि त्याच्या तिपटी-चौपटीने थोरियम असते. शिवाय त्यातील गुलाबी फेल्स्पारात पोटॅशियम भरपूर, आणि पोटॅशियमचा एक अल्प अंश किरणोत्सर्गी असतो. त्याचे अर्धे आयुष्य १२५ कोटी वर्षांचे. हा मारा अत्यंत मंद असतो, पण तो थांबत नाही. स्फटिक पुरेसा निवल्यापासून लाखो वर्षे एकेक इलेक्ट्रॉन उडत राहतो आणि रिकाम्या जागांची संख्या वाढत जाते. ग्रॅनाइटाचा साधा तुकडा घेऊन पाहिला तरी त्यातले क्वार्ट्झचे दाणे पुष्कळदा राखाडी, काचेरी दिसतात. तो राखाडीपणा बहुधा हाच धूर असतो.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाची गोष्ट वेगळी. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे बंगळूरच्या मानाने पोर. त्याच्या पोकळ्यांत जळगाव, नाशिक, पुणे या बाजूंना सुंदर स्फटिक मिळतात, अ‍ॅमेथिस्ट मिळतो, झिओलाइटे तर जगप्रसिद्ध आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ती कोणालाही पाहता येतात. पण बेसॉल्टात युरेनियम दहा लाखांत एक भाग किंवा त्याहूनही कमी, पोटॅशियमही थोडेच. म्हणून आपल्या सह्याद्रीत धूर धरलेला स्फटिक विरळा. ज्या कातळाने आपल्याला किल्ले आणि लेणी दिली, त्याने हा एक दगड देताना हात आखडता घेतला.

बंगळूर आणि स्फटिक यांचा संबंध केवळ खडकापुरता नाही. १९३३ साली चंद्रशेखर वेंकट रामन येथील भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून आले. १९३७ साली त्यांनी संचालकपद सोडले, १९४८ पर्यंत ते तेथेच प्राध्यापक राहिले, आणि त्यानंतर १९७०च्या नोव्हेंबरात मृत्यू येईपर्यंत त्यांनी स्वतः उभारलेल्या रामन संशोधन संस्थेत काम केले. ज्या शोधासाठी त्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळाले, तो शोध कलकत्त्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी प्रकट झाला हे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. प्रकाश पदार्थातून विखुरताना त्याचा थोडासा भाग रंग बदलून बाहेर पडतो, असा तो शोध. रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन् यांनी तो मुख्यतः द्रवांत पाहिला. त्याच महिन्यात मॉस्कोत लान्ड्सबर्ग आणि मांडेलश्टाम हे दोघे शास्त्रज्ञ हाच परिणाम पाहत होते, आणि त्यांच्या हातात होता क्वार्ट्झचा स्फटिक. त्यांचा निबंध मागाहून प्रसिद्ध झाला. पारितोषिक रामन यांना मिळाले आणि ते न्याय्यच होते, कारण त्यांनी आपले निरीक्षण आधी जगापुढे ठेवले आणि त्याचे सर्वव्यापी स्वरूप ओळखले. तरीही आपल्याकडे मॉस्कोचा उल्लेख बहुधा गाळतात, किंवा घाईघाईने उरकतात, हे मला बरे वाटत नाही. रामन यांची उंची त्यामुळे वाढत नाही आणि त्या दोघांवर मात्र अन्याय होतो.

बंगळूरला आल्यावर रामन स्वतः त्या क्वार्ट्झकडे वळले. १९४० साली त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी नेडुंगाडी यांनी क्वार्ट्झ तापवीत नेऊन त्यातून विखुरणाऱ्या प्रकाशाचा पट पाहिला. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची आतली रचना बदलते, मळसूत्र किंचित उलगडून अधिक सममित होते, हे पूर्वीपासून माहीत होते. या दोघांना दिसले ते असे, की तापमान त्या बिंदूकडे जाऊ लागताच वर्णपटातील एक विशिष्ट रेषा पसरट होते आणि मूळ रेषेकडे सरकू लागते. म्हणजे अणूंचे एक कंपन जणू ढिले पडत जाते, आणि तेच रचना बदलण्याची वाट मोकळी करते. घन पदार्थ एका रूपातून दुसऱ्या रूपात कसे जातात, याविषयी १९६०च्या सुमारास जो मोठा सिद्धांत उभा राहिला, त्याचे बीज या छोट्या निवेदनात होते.

येथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ५७३ अंशांपलीकडे नेलेला स्फटिक निवला की त्याची रचना जशीच्या तशी परतते. धूर मात्र त्याच्या कितीतरी आधीच उडालेला असतो, आणि तो निवल्यावर परतत नाही. रचनेला आठवण असते ती आकाराची. रंगाला आठवण असते ती काळाची. म्हणून डोंगरात धुरकट स्फटिक सापडला तर भूगर्भशास्त्रज्ञ निःशंकपणे म्हणू शकतो, की रंग चढू लागल्यापासून हा खडक पुन्हा तीन-चारशे अंशांपर्यंत तापून राहिलेला नाही. एवढा मोठा दाखला एवढ्याशा दगडाने द्यावा!

रामन संशोधन संस्थेच्या आरंभीच्या दिवसांत इमारतीत वीज नव्हती. आरशाने सूर्यकिरण आत घेऊन प्रयोग चालत. त्या काळात रामन आणि त्यांचे विद्यार्थी जयरामन यांनी इंद्रधनुषी अकीक तपासला, अ‍ॅमेथिस्टची अंतर्रचना तपासली, आणि वेगवेगळ्या दिशांनी पाहता त्याचा रंग बदलतो तो का, याचा शोध घेतला. धूम्रस्फटिकाचे कोडे इंग्लंडात सुटले, बंगळूरला नव्हे. पण रंग हा केवळ मिसळलेल्या द्रव्याचा प्रश्न नसून स्फटिकाच्या अंतर्व्यवस्थेचा प्रश्न आहे, ही दृष्टी दोन्हीकडे एकच होती. रामन यांनी आयुष्यभर जमवलेली खनिजे, रत्ने, शिंपले आणि फुलपाखरे संस्थेच्या संग्रहालयात ठेवलेली आहेत. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली झगमगणारे दगड पाहुण्यांना दाखवताना ते लहान मुलासारखे खुलत. गारगोट्या घासणाऱ्या आमच्यासारख्या मुलांना त्यांनी नक्कीच जवळ बसवले असते.

याच दशकांत स्फटिकाने आणखी एक काम पत्करले होते, आणि त्याचा संबंध आपण आता ज्या माध्यमातून भेटतो आहोत त्याच्याशी आहे. क्यूरी बंधूंनी दाखवलेला गुण उलटाही चालतो. विद्युत् दिली की चकती कंप पावते, आणि तिच्या जाडीनुसार कंपनसंख्या ठरते. हे कंपन इतके स्थिर असते की नभोवाणी केंद्राचा प्रक्षेपक त्याच्याच आधारे आपल्या नेमून दिलेल्या जागी राहतो. दुसऱ्या महायुद्धात सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठी अशा कोट्यवधी चकत्या लागल्या, आणि त्यांसाठी लागणारी गार मुख्यतः ब्राझीलमधून येई. चकती घासून पातळ करीत नेली की कंपनसंख्या वाढते. पण हात किंचित जास्त फिरला तर ती मर्यादेपलीकडे जाई आणि चकती वाया जाई. अमेरिकेतील क्लिफर्ड फ्रॉन्डेल या खनिजशास्त्रज्ञाने यावर जो उपाय शोधला तो आपल्या कथेत चपखल बसतो. त्याने अशा चकतीवर क्ष-किरण सोडले. चकती धुरकट झाली, आणि तिची कंपनसंख्या हवी तेवढी खाली आली! डोंगरात लाखो वर्षांत होणारे काम तेथे मिनिटांत होऊ लागले. हा शोध त्याने १९४५ साली प्रसिद्ध केला.

बंगळूरच्या जलहळ्ळी भागात १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना निघाला, आणि १९६४ मध्ये त्याने आकाशवाणीसाठी प्रक्षेपक बनवायला आरंभ केला. ‘आकाशवाणी’ हे नावही या मुलखाशी निगडित आहे. १९३५ साली म्हैसूरमध्ये प्राध्यापक गोपालस्वामी यांनी चालवलेल्या खासगी केंद्राचे ते नाव, पुढे सगळ्या देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. घड्याळांतही स्फटिक आला. शहराजवळच्या होसूरला टायटनचा कारखाना निघाला, आणि सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारी गारेची चिमटी सामान्य माणसाच्या मनगटावर बसली. या चिमट्या आता खाणीतल्या गारेच्या नसतात. बंद पोलादी भांड्यात, तप्त पाण्यात, कारखान्यातच स्फटिक वाढवतात.

मात्र अवकाशात गेल्यावर जुने दुखणे पुन्हा डोके वर काढते. बंगळूरच्या पिण्या भागातील शेडांत बांधलेला ‘आर्यभट’ १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत भूमीवरून उडाला आणि या शहराचे नाव उपग्रहांशी कायमचे जोडले गेले. पृथ्वीभोवतीच्या किरणांच्या पट्ट्यांतून फिरणाऱ्या कोणत्याही उपग्रहातील क्वार्ट्झवर तसाच मारा होतो, जसा ग्रॅनाइटातल्या स्फटिकावर होतो. अ‍ॅल्युमिनियमजवळ आश्रयाला राहिलेले लिथियम-सोडियमचे कण विस्थापित होतात आणि कंपनसंख्या ढळते. यासाठी अवकाशात पाठवायचा क्वार्ट्झ आधी तापवून त्याच्यावर मोठा विद्युद्दाब देतात, आणि ते उपरे कण बाहेर हाकलून लावतात. ज्या दोषामुळे दागिन्यातला दगड सुंदर होतो, त्याच दोषामुळे उपग्रहातले घड्याळ चुकते.

दोषाचा असाच दुसरा, उपकारक उपयोग पुरातत्त्वज्ञांनी करून घेतला आहे. मातीच्या भांड्यात वाळूचे दाणे असतात, म्हणजे क्वार्ट्झच. कुंभाराने भांडे भाजले त्या दिवशी त्या दाण्यांतले सगळे अडकलेले इलेक्ट्रॉन घरी गेले. हिशेब शून्यावर आला. त्यानंतर मातीतल्या किरणोत्सर्गाने तो पुन्हा वाढत जातो. आज खापराचा कण अंधारात तापवून त्यातून किती उजेड निघतो हे मोजले, की भांडे केव्हा भाजले ते सांगता येते. नदीच्या गाळातल्या वाळूवरचे ऊन शेवटचे केव्हा सरले, हेही तशाच रीतीने काढतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत हे काम पुष्कळ वर्षे चाललेले आहे.

बाजारात मात्र या कालगणनेला किंमत नाही. धूम्रस्फटिकाला दुकानदार ‘स्मोकी टोपाझ’ म्हणतात. खरा टोपाझ काठिण्यात आठ आणि पाण्याच्या साडेतीन पट जड, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. काही धुरकट दगड भाजून पिवळे करतात आणि सुनेला म्हणून विकतात. उलट स्वस्त निर्मळ गार कोबाल्टच्या गॅमा किरणांखाली ठेवून तिला धुरकट करतात. ही गोष्ट आता जगभर सर्रास चालते. काही दिवसांपूर्वी बंगळूरच्या एका जवाहिऱ्याने माझ्यापुढे कागदावर दोन सारखे तपकिरी खडे ठेवले आणि प्रामाणिकपणे सांगितले, की यांतला एक डोंगरातून जसाच्या तसा आला आहे, दुसरा किरणांखालून. मी भिंगातून बराच वेळ पाहिले. रंग एक, झाक एक. पारखण्यासाठी कोणते यंत्र वापरता, असे मी विचारले. खाणीतून ज्याने आणले त्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, असे तो म्हणाला. आणि किंमत मात्र त्याने दोघांचीही एकच सांगितली.